लग्नानंतर दर एप्रिलला निघणारी कराची बाकी आणि दोघांचे डब्ल्यू-४

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी जोडप्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. लग्नाआधी दोघांनाही एप्रिलमध्ये रिटर्न भरताना थोडाफार रिफंड मिळत होता. लग्न झाले, दोघांनी आपापल्या कंपनीच्या पेरोलला तसे कळवले, हातात येणारा पगार जरासा वाढला, आणि पुढच्या जॉइंट रिटर्नवर एकदम काही हजार डॉलरची बाकी निघाली. मग कोणीतरी सुचवले म्हणून काहीतरी दुरुस्ती केली, तर त्या वर्षी उलट मोठा रिफंड आला. आणि त्यानंतर एकाने नोकरी बदलली की पुन्हा बाकी. दोष असतो तो पगारातून किती कर कापायचा हे कंपनीला सांगणाऱ्या डब्ल्यू-४ या दोन-तीन मिनिटांत भरल्या जाणाऱ्या फॉर्मात, पण एकाच फॉर्माकडे कितीही वेळ पाहिले तरी तो दिसत नाही, कारण तो दोन फॉर्मांच्या मधल्या जागेत असतो.

आमच्याच घरी हे घडले. आमचे लग्न डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यात झाले. इथली सुट्टी आणि तिथले मुहूर्त यांची सांगड डिसेंबरातच बसते, त्यामुळे आमच्यासारखी लग्ने पुष्कळ. अमेरिकी कायद्यात ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल तर करासाठी संपूर्ण वर्ष विवाहित धरले जाता, म्हणून २०२३ चे रिटर्न आम्ही एकत्र भरले. त्या वर्षी दोघांचा कर बाराही महिने अविवाहित म्हणूनच कापला गेला होता आणि एप्रिल २०२४ मध्ये हिशेब जवळजवळ शून्यावर जुळला. दरम्यान जानेवारी २०२४ मध्ये दोघांनीही पोर्टलवर जाऊन डब्ल्यू-४वर ‘मॅरिड फायलिंग जॉइंटली’वर (विवाहित, एकत्र रिटर्न भरणारे) खूण केली होती, बाकीचे रकाने ‘आपल्याला लागू नाहीत’ असे समजून रिकामे ठेवले होते आणि सेव्ह करून विषय संपवला होता. दर दोन आठवड्यांच्या चेकमध्ये माझे सुमारे २६२ आणि पत्नीचे सुमारे १८५ डॉलर वाढले. हा सरकारी आहेर आहे, असे आम्ही थट्टेने म्हणालोही. एप्रिल २०२५ मध्ये तो आहेर परत करावा लागला: सुमारे ११,६०० डॉलरची बाकी आणि वर वेळेवर कर न भरल्याबद्दल साडेचारशेच्या आसपास दंड.

लग्नानंतरचा पहिला एप्रिल बिनबोभाट जातो आणि दुसरा अंगावर येतो, हा क्रम अनेकांच्या बाबतीत असाच असतो. त्यामुळे दुखण्याचा संबंध लग्नानंतर भरलेल्या त्या फॉर्माशी आहे, हे लवकर लक्षात येत नाही.

मूळ कारण

भारतातून आलेल्या माणसाच्या मनात पगारातल्या करकपातीची एक ठरावीक कल्पना असते. तिथे प्रत्येक व्यक्तीचा कर स्वतंत्र असतो, लग्नाचा टीडीएसशी संबंध नसतो, आणि वर्षाच्या शेवटी ऑफिसचा अकाउंट्स विभाग गुंतवणुकीचे पुरावे मागवून फेब्रुवारी-मार्चच्या पगारात कमी-जास्त बरोबर करून टाकतो. ‘ऑफिस बघून घेईल’ हा भरवसा तिथे बराचसा खरा ठरतो. अमेरिकेत मात्र कंपनी वर्षअखेरीस काहीही जुळवून देत नाही. ती प्रत्येक पगाराच्या वेळी फक्त तो पगार आणि तुमचा डब्ल्यू-४ पाहते, त्या पगाराचे वर्षभराचे उत्पन्न काढते, त्यातून स्टँडर्ड डिडक्शन (सर्वांना मिळणारी ठरावीक वजावट) वजा करते, कराचे टप्पे लावते आणि उत्तराचा एका पगारापुरता हिस्सा कापते.

आता त्या डब्ल्यू-४वर फक्त ‘मॅरिड फायलिंग जॉइंटली’ असेल तर पेरोल असे धरून चालते की या घरात हा एकच पगार येतो, आणि म्हणून जोडप्याला मिळणारे संपूर्ण स्टँडर्ड डिडक्शन आणि जोडप्याचे रुंद टप्पे त्या एका पगाराला बहाल करते. दुसऱ्या जोडीदाराच्या कंपनीतले पेरोलही नेमके तेच करते. दोन्ही कंपन्यांना एकमेकींची खबर नसते. परिणाम असा की, घराला एकदाच मिळणारी वजावट दोनदा दिली जाते, आणि १० व १२ टक्क्यांचे स्वस्त टप्पेही दोनदा वापरले जातात.

२०२४ या वर्षाचे आकडे घेऊन हे मांडून दाखवतो. हिशेब सोपा राहावा म्हणून ४०१-के (निवृत्तीची बचत), आरोग्य विमा आणि राज्याचा कर बाजूला ठेवला आहे. एकाचा पगार १,१०,००० डॉलर आणि दुसऱ्याचा ९०,००० डॉलर आहे असे समजा. एकत्र उत्पन्न २,००,०००. त्यातून जोडप्याचे स्टँडर्ड डिडक्शन २९,२०० गेले की करपात्र रक्कम १,७०,८०० उरते. पहिल्या २३,२०० वर १० टक्के, तिथून ९४,३०० पर्यंत १२ टक्के आणि उरलेल्या ७६,५०० वर २२ टक्के असा एकूण कर २७,६८२ डॉलर होतो. आता दोन्ही पेरोलनी स्वतंत्रपणे काय कापले ते पाहू. १,१०,००० मधून २९,२०० वजा करून पहिल्या कंपनीने ९,२३२ कापले. ९०,००० मधून पुन्हा तेच २९,२०० वजा करून दुसरीने ६,८३२ कापले. बेरीज १६,०६४ होते आणि ११,६१८ डॉलर कमी पडतात. वर्षाच्या २६ चेकमध्ये वाटले तर दर वेळी दोघांच्या हातात मिळून सुमारे ४४७ डॉलर जास्त पडत होते. आमच्या २६२ आणि १८५ ची बेरीज करून पाहा.

दोघांनी अविवाहितच राहू दिले असते तर काय झाले असते? पहिल्या पगारावर १६,०४१ आणि दुसऱ्यावर ११,६४१ कापले गेले असते, म्हणजे बरोबर २७,६८२. हा योगायोग नाही. या उत्पन्नाच्या पातळीवर जोडप्याचे टप्पे आणि स्टँडर्ड डिडक्शन हे अविवाहिताच्या अगदी दुप्पट ठेवलेले आहेत, त्यामुळे दोघे कमावते असतील आणि दोन्ही पगार एकाच टप्प्यात संपत असतील, तर लग्नामुळे संघीय कर वाढतही नाही आणि घटतही नाही. लग्न झाले की कर कमी होतो हे ऐकीव ज्ञान एक कमावता आणि एक घरी, किंवा दोन पगारांत मोठी तफावत, अशा घरांना लागू पडते.

आधी पे-स्टब पाहा

फॉर्म बदलण्याआधी सध्या काय चालू आहे ते पाहावे. दोघांचे ताजे पे-स्टब शेजारी शेजारी ठेवावेत. बहुतेक पे-स्टबवर एका कोपऱ्यात, पुष्कळदा अगदी बारीक अक्षरांत, फेडरल करासाठी धरलेली स्थिती, स्टेप २ ची (घरात दुसरीही नोकरी आहे असे कळवणारी) खूण आहे की नाही आणि जादा कपातीची रक्कम दिलेली असते. तिथे दोघांच्याही स्टबवर विवाहित असे लिहिलेले असेल आणि स्टेप २ समोर ‘नाही’ किंवा काहीच नसेल, तर दुखणे सापडले असे समजायला हरकत नाही. एकावर खूण आहे आणि दुसऱ्यावर नाही, हा प्रकारही तितकाच आढळतो. तेव्हा बाकी निम्म्याच्या आसपास निघते आणि गोंधळ अधिक होतो.

जुन्या नोकरीत टिकून असलेल्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. डब्ल्यू-४ चे आताचे रूप २०२० पासूनचे आहे; त्याआधीच्या फॉर्मात ‘अलाउन्स’चा आकडा भरावा लागत असे. जुना फॉर्म आपोआप रद्द होत नाही, आणि स्टबवर ‘एम-२’ किंवा ‘एस-१’ असे काही दिसले तर पेरोल अजून त्याच जुन्या फॉर्मावर चालते आहे. नवीन फॉर्म भरून तो बदलणे बरे, कारण आताच्या सूचना त्या जुन्या आकड्यांशी जुळवता येत नाहीत.

दुरुस्ती

फॉर्मातल्या स्टेप २ मध्ये तीन वाटा दिलेल्या आहेत आणि त्यांपैकी एकच निवडायची असते. सर्वांत सोपी वाट म्हणजे २-सी ची चौकट. घरात दोघांच्या मिळून नेमक्या दोनच नोकऱ्या असतील, तर दोघांनीही आपापल्या फॉर्मावर ‘मॅरिड फायलिंग जॉइंटली’ निवडून ही चौकट टिक करायची. दोघांनीही, हा शब्द मी मुद्दाम पुन्हा लिहितो आहे, कारण चूक होते ती इथेच. टिक केली की प्रत्येक पेरोल स्टँडर्ड डिडक्शन आणि टप्पे अर्धे अर्धे धरते. वरच्या उदाहरणात त्यामुळे बाकी थेट शून्यावर आली असती.

मात्र ही वाट दोन पगार जवळपास सारखे असतील तरच नीट चालते. लहान पगार मोठ्या पगाराच्या निम्म्याहून अधिक असेल तर चौकट टिक करावी, असा फॉर्मावरच्या सूचनेचा रोख आहे. त्याच २,००,००० डॉलरच्या घरात एकाचे १,६०,००० आणि दुसऱ्याचे ४०,००० असतील तर घराचा कर तेवढाच, म्हणजे २७,६८२ असतो. पण चौकट टिक केल्यावर मोठ्या पगारातून सुमारे २७,९३८ आणि लहान पगारातून २,८१६ कापले जातात. तीन हजारांहून अधिक जास्तीचे गेले. मोठा पगार त्याच्या अर्ध्या वाट्याच्या बाहेर जाऊन २४ टक्क्यांच्या टप्प्यात शिरतो आणि लहान पगाराचा अर्धा वाटा वापरलाच जात नाही, म्हणून असे होते. रिफंड येतो हे खरे, पण तोपर्यंत तीन हजार डॉलर बिनव्याजी सरकारकडे पडून राहतात.

अशा घरांसाठी दुसरी वाट आहे ती २-बी ची, म्हणजे फॉर्माच्या मागे जोडलेल्या वर्कशीटची. तिथल्या तक्त्यात आडव्या ओळीत एक पगार आणि उभ्या रकान्यात दुसरा पगार शोधायचा, जिथे दोन्ही मिळतात ती रक्कम घ्यायची, वर्षातल्या पगारांच्या संख्येने तिला भागायचे आणि येणारा आकडा फक्त जास्त पगार असलेल्याच्या फॉर्मावर स्टेप ४-सी मध्ये जादा कपात म्हणून लिहायचा. शाळेतल्या गुणाकाराच्या तक्त्यापेक्षा यात काही अवघड नाही. या वाटेने जाताना २-सी ची चौकट मात्र दोघांनीही रिकामी ठेवायची. दोन्ही उपाय एकत्र केले तर कपात दुप्पट वाढते, आणि उत्साहाच्या भरात तसे करणारी जोडपी मी पाहिली आहेत.

तिसरी वाट, २-ए, म्हणजे आयआरएसच्या (अमेरिकेच्या करखात्याच्या) संकेतस्थळावरचा विदहोल्डिंग एस्टिमेटर. दोघांचे ताजे पे-स्टब आणि मागचे रिटर्न जवळ असेल तर हे साधन अर्ध्या तासात पुरे होते, आणि वर्षाच्या मध्यावर दुरुस्ती करायची असेल तर माझ्या मते हीच वाट घ्यावी. २-सी ची चौकट आणि वर्कशीट दोन्ही पूर्ण वर्षाच्या हिशेबाने चालतात. आतापर्यंत किती कमी कापले गेले आहे हे त्यांना ठाऊक नसते. एस्टिमेटर तो फरक धरून उरलेल्या पगारांतून किती जादा कापायला हवे ते सांगतो. जोडीदार नोकरी करतो हे आपल्या कंपनीला कळू नये अशी इच्छा असणाऱ्यांनाही हा मार्ग सोयीचा आहे, कारण फॉर्मावर फक्त एक आकडा जातो.

मुलांचे क्रेडिट आणि इतर वजावटी यांच्यासाठी असलेल्या स्टेप ३ आणि ४-बी एकाच जोडीदाराने, शक्यतो जास्त पगार असणाऱ्याने, भराव्यात. दोघांनीही मूल लिहिले तर तेच क्रेडिट दोनदा वापरले जाते. भारतात राहणारे आईवडील इथे अवलंबित म्हणून लिहिता येत नाहीत, आपण दरमहा कितीही पैसे पाठवत असलो तरी.

एकच पगार असलेली घरे

जोडीदार एच-४ वर (एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांचा व्हिसा) आला किंवा आली आहे आणि कामाची परवानगी नाही, अशा घरात चित्र उलटे असते. १,२०,००० डॉलर पगारावर अविवाहित म्हणून २०२४ च्या दराने सुमारे १८,३३८ डॉलर कापले जात. जोडप्याचा प्रत्यक्ष कर मात्र १०,४३२ होता. जवळजवळ ७,९०० डॉलरचा फरक, तोही ज्या वर्षी विमानाची तिकिटे, नवे घर आणि सामान यांचा खर्च डोक्यावर असतो त्या वर्षी. इथे ‘मॅरिड फायलिंग जॉइंटली’ निवडून २-सी रिकामी ठेवणे हेच बरोबर आहे.

पुष्कळ जण मात्र ‘बायकोला अजून सोशल सिक्युरिटी नंबर नाही’ म्हणून थांबतात. डब्ल्यू-४वर जोडीदाराचे नाव किंवा नंबर मागितलेलाच नसतो. नंबराची गरज लागते ती रिटर्न भरताना. तेव्हा डब्ल्यू-७ फॉर्म रिटर्नसोबत कागदावर पाठवून आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसणाऱ्यांसाठीचा करक्रमांक) मागता येतो. त्यासाठी मूळ पासपोर्ट पोस्टाने पाठवायला मन धजत नसेल तर आयआरएसने मान्यता दिलेल्या सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंटकडून तो तपासून घेता येतो.

लग्न करून वर्षाच्या मध्येच आलेल्या जोडीदाराबाबत एक गोष्ट डब्ल्यू-४ बदलण्यापूर्वी बसून ठरवावी लागते. समजा वधू ऑगस्टअखेरपर्यंत पुण्यात नोकरी करत होती आणि ऑक्टोबरमध्ये इथे आली. त्या वर्षी ती इथली रहिवासी ठरण्याइतके दिवस इथे राहिलेली नसते. नवरा करासाठी रहिवासी असेल तर दोघांनी सही केलेले निवेदन जोडून तिला संपूर्ण वर्ष रहिवासी धरण्याचा पर्याय घेता येतो आणि जॉइंट रिटर्न भरता येते. पण मग तिचा जानेवारी ते ऑगस्टचा पुण्यातला पगार, बँकेतल्या ठेवीचे व्याज, सगळे अमेरिकेच्या रिटर्नवर येते. भारतात भरलेल्या कराचे क्रेडिट मिळते, त्यामुळे बहुधा नुकसान होत नाही. तरी ते उत्पन्न हिशेबात धरल्याशिवाय डब्ल्यू-४ ठरवू नये. इथे एक साधी अडचण येते, जी आधी कोणी सांगत नाही. भारतातला फॉर्म १६ एप्रिल ते मार्चचा असतो आणि अमेरिकेचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर. नोकरी सोडताना महिन्यामहिन्याच्या सगळ्या पगाराच्या स्लिपा डाउनलोड करून ठेवाव्यात, कारण राजीनाम्यानंतर कंपनीचे लॉगिन बंद झाले की त्या मिळवण्यासाठी फार खेटे घालावे लागतात.

पुढे एच-४ वर ईएडी (कामाचा परवाना) मिळून नोकरी सुरू झाली की वरचे सगळे बदलते. नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी एचआरने पुढे केलेल्या कागदांत तिचा डब्ल्यू-४ असतोच. पण नवऱ्याचा जुना फॉर्म त्याच आठवड्यात बदलायला हवा, हे सांगणारे तिथे कोणी नसते.

विद्यार्थ्यांसाठी एक वेगळा इशारा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना, ओपीटी (शिक्षणानंतर कामाची मुभा असलेला काळ) धरून, पहिली पाच कॅलेंडर वर्षे बहुतेक जण करासाठी अनिवासी असतात. अनिवासी व्यक्तीने लग्न झाले तरी डब्ल्यू-४वर अविवाहिताचीच चौकट निवडायची असते, आणि तिच्यासाठी आयआरएसची नोटीस १३९२ ही स्वतंत्र सूचनापत्रिका आहे. एस्टिमेटरही अनिवासींसाठी नाही. व्हिसा एफ-१ वरून एच-१बी झाला की स्थिती बदलते, पण ती कोणत्या वर्षापासून बदलते हे दिवस मोजून पाहावे.

डब्ल्यू-४ बरोबर असूनही बाकी निघत असेल तर

दोन्ही फॉर्म नीट आहेत, चौकटी टिक केलेल्या आहेत, तरीही दरवर्षी बाकी, असे सांगणाऱ्यांकडे मी आधी बोनस आणि कंपनीच्या शेअर्सची चौकशी करतो. बोनस आणि हाती पडणारे आरएसयू (कंपनीकडून मिळणारे शेअर्स) यांवर बहुतेक कंपन्या सरसकट २२ टक्के कापतात, आणि त्या दरावर डब्ल्यू-४ च्या स्थितीचा परिणाम होत नाही. दोघांचे मिळून उत्पन्न ३२ टक्क्यांच्या टप्प्यात जात असेल, तर ४०,००० डॉलरच्या आरएसयूवर ४,००० डॉलर कमी कापले जातात, तेही दरवर्षी आणि मुकाट्याने. यावर उपाय स्टेप ४-सी मध्येच आहे. येणाऱ्या शेअर्सचा अंदाज घेऊन दर पगारातून ठरावीक जादा रक्कम कापून घ्यायची.

दुसरे कारण लहान आहे पण हमखास चुकते. मेडिकेअरचा (सरकारी आरोग्य विम्याचा) ०.९ टक्के जादा कर जोडप्याच्या २,५०,००० डॉलरवरच्या पगारावर लागतो. कंपनी मात्र तो त्या एका माणसाचा पगार २,००,००० ओलांडल्यावरच कापू लागते. दोघांचे प्रत्येकी १,८०,००० असतील तर कोणाच्याच पगारातून काही कापले जात नाही, आणि वरच्या १,१०,००० डॉलरवर ९९० डॉलर एप्रिलमध्ये द्यावे लागतात. भारतातल्या एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) ठेवींचे व्याज इथे दाखवावे लागते, पण त्यावर इथे काही कापलेले नसते. ते स्टेप ४-ए मध्ये लिहिता येते.

राज्याचा फॉर्म निराळा असतो हे विसरले जाते. न्यू जर्सीत एनजे-डब्ल्यू४ वर तक्ता पाहून दराचे अक्षर निवडावे लागते आणि तो तक्ता दोघांचे पगार धरून बनवलेला आहे. ते अक्षर रिकामे सोडले की तोच घोटाळा लहान प्रमाणात राज्याच्या करात होतो. कॅलिफोर्नियाच्या डीई-४ वर तर ‘विवाहित, एक उत्पन्न’ आणि ‘अविवाहित, किंवा दोन वा अधिक उत्पन्ने असलेले विवाहित’ असे सरळ दोन पर्याय छापलेले आहेत. फेडरल फॉर्मावर इतके स्पष्ट लिहिले असते तर हे सगळे लिहायची वेळच आली नसती. पेनसिल्व्हेनियात दर सरसकट ३.०७ टक्के असल्यामुळे विवाहित-अविवाहित हा प्रश्न येत नाही, आणि टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन इथे पगारावर राज्याचा कर नाही.

वर्ष निम्मे सरले असेल तर

नवा डब्ल्यू-४ मागच्या तारखेपासून लागू होत नाही. सप्टेंबरमध्ये चौकट टिक केली तर सप्टेंबरनंतरची कपात बरोबर होईल, पण जानेवारी ते ऑगस्टचे कमी पडलेले पैसे तसेच राहतील. ते उरलेल्या पगारांत वाटून ४-सी मध्ये घालावेत. आमच्या उदाहरणात आठ महिन्यांत साधारण ७,७०० डॉलर कमी पडलेले असते, आणि ते भरून काढायला उरलेल्या आठ-नऊ चेकमधून दर वेळी साडेआठशे ते साडेनऊशे डॉलर जास्त कापावे लागले असते. जड आहे; पण पगारातून कापलेला कर वर्षभर समान हप्त्यांत भरला असे कायदा मानतो, मग तो डिसेंबरात का कापलेला असेना. स्वतः भरलेल्या तिमाही हप्त्यांना ही सवलत आपोआप मिळत नाही. म्हणून उशिरा जाग आली असेल तर वेगळा चेक पाठवण्यापेक्षा ४-सी चा आकडा वाढवणे फायद्याचे ठरते.

दंड लागेल की नाही हे आधीच पाहता येते. बाकी १,००० डॉलरपेक्षा कमी असेल, किंवा या वर्षीच्या कराच्या ९० टक्के रक्कम कापली गेली असेल, किंवा मागच्या वर्षीच्या एकूण कराइतकी कापली गेली असेल, तर दंड नाही. मागच्या वर्षीचे समायोजित उत्पन्न १,५०,००० डॉलरच्या वर असेल तर शेवटच्या अटीत १०० ऐवजी ११० टक्के धरावे लागतात. मागच्या वर्षी दोघांनी वेगवेगळी रिटर्ने भरली असतील तर दोन्ही रिटर्नांवरच्या करांची बेरीज घ्यायची. एक्स्टेंशन घेतल्याने रिटर्न भरण्याची मुदत वाढते, पैसे भरण्याची वाढत नाही. ती १५ एप्रिलच राहते.

आणि ४-सी मध्ये घातलेला तो जादा आकडा जानेवारीत काढायचा असतो. पेरोल तो स्वतःहून काढत नाही. एका वर्षाची भरपाई म्हणून घातलेले नऊशे डॉलर पुढचे अख्खे वर्ष कापले जातात, मग एप्रिलमध्ये प्रचंड रिफंड येतो, चिडून सगळाच फॉर्म पुसला जातो, आणि २-सी ची खूणही त्यासोबत जाते. हे चक्र असेच फिरत राहते. आम्ही आता डिसेंबरच्या शेवटच्या पे-स्टबची छपाई करून फ्रिजवर लावतो आणि नव्या वर्षाचा पहिला पगार आला की त्याच्याशी ताडून पाहतो. नोकरी बदलली, पगार मोठा वाढला किंवा मूल झाले की त्याच आठवड्यात दोघांचे फॉर्म पुन्हा भरतो.

नवा फॉर्म दिल्यावर तो लागू करण्यासाठी कंपनीला वेळ दिलेला असतो: दिल्यापासून तिसाव्या दिवशी किंवा त्यानंतर संपणारा पहिला पगाराचा कालावधी सुरू होईपर्यंत. त्यामुळे लगेचच्या चेकवर काही बदल दिसला नाही तरी घाबरू नये. दीड महिन्यानंतरही स्टबच्या कोपऱ्यातली ती बारीक ओळ जुनीच असेल, तर फॉर्म पोर्टलवर सेव्ह झाला पण सबमिट झाला नाही, असे पुष्कळदा निघते.